अमेरिकेची सुरुवातीची राज्यव्यवस्था समजून घ्यायची तर कुठून सुरू करायचं

बहुतेक जण वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स, फ्रँकलिन अशी नावं पाठ करायला घेतात आणि तिथेच गोंधळ होतो, कारण 1787 मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहिलं जात होतं तेव्हा जेफरसन पॅरिसला आणि ॲडम्स लंडनला होता, ते दोघं त्या बैठकीत नव्हतेच. म्हणून 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787 चं संविधान पहिल्यापासून वेगळं ठेवा.

माझं ऐकाल तर आधी अडचण काय होती ते वाचा. संविधानाआधी 13 राज्यांना बांधून ठेवणाऱ्या, 1781 पासून लागू असलेल्या जुन्या करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) केंद्राला टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची, आणि करार बदलायचा तर 13 च्या 13 राज्यांची संमती हवी. त्यात 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी बंड करून उठले, मग मात्र भलेभले घाबरले. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग थेट मूळ संविधान उघडा, खरंच छोटंय, एका बैठकीत वाचून होतं. पहिलं आर्टिकल काँग्रेसचं (म्हणजे तिथली दोन सभागृहांची संसद), दुसरं राष्ट्राध्यक्षाचं, तिसरं कोर्टाचं. सगळं एकदम समजून घेत बसू नका, एकच कायदा धरा आणि त्याचा प्रवास बघा. बिल दोन्ही सभागृहांत पास झालं, राष्ट्राध्यक्षाकडे गेलं, त्याला रविवार सोडून 10 दिवस मिळतात, सही केली तर कायदा झाला, नाही पटलं तर कारणं लिहून परत पाठवायचं, पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा पास केलं तर त्याच्या सहीशिवाय कायदा होतो. आणि त्याने सही पण नाही केली, परत पण नाही पाठवलं तर? काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल तर 10 दिवसांनी आपोआप कायदा, काँग्रेस उठलेली असेल तर बिल मेलं. कुणाच्याच हातात शेवटचा शब्द पूर्ण द्यायचा नाही, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. हे असं का केलं ते संविधान घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने फेडरलिस्ट निबंधांपैकी (संविधानाच्या बाजूने लिहिलेले लेख) 51 व्या निबंधात मांडलंय, एकूण 85 आहेत पण सुरुवातीला 10 वा आणि 51 वा एवढे पुरे.

गुलामगिरीच्या तडजोडी मात्र प्लीज स्किप करू नका. गुलामांना मताचा हक्क शून्य, तरी प्रतिनिधीगृहातल्या (काँग्रेसच्या दोनपैकी एका सभागृहातल्या) जागा ठरवताना त्यांची संख्या तीन पंचमांश धरायची, म्हणजे दक्षिणेतल्या मालकांची ताकद वाढली, वर 1808 पर्यंत गुलाम आणण्यावर काँग्रेसला बंदी घालता येणार नाही असंही लिहून घेतलं. स्वातंत्र्यावर इतकं सुंदर लिहिणाऱ्या जेफरसनकडे स्वतःकडे शेकडो गुलाम होते, हे वाचताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा.

शेवटी संविधानाच्या विरोधकांना वेळ द्या, त्यांना फार कमी लोक वाचतात. फिलाडेल्फियाच्या बैठकीला 55 प्रतिनिधी आले होते, सह्या 39 जणांच्या, आणि व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन शेवटपर्यंत थांबूनही सही न करता गेला कारण त्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. त्याचे आक्षेप आधी वाचा आणि लगेच 1791 च्या, संविधानातल्या पहिल्या 10 दुरुस्त्या वाचा, त्यातले कुठले आक्षेप मान्य झाले ते तुमचं तुम्हालाच सापडेल.