मांसाविना स्वयंपाक: या चुका टाळा

मांसाचा एखादा पदार्थ घ्यायचा, त्यातून मांस तेवढे काढून टाकायचे आणि बाकी सारे होते तसेच ठेवायचे, ही मांसाविना स्वयंपाक करू लागणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक आहे आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात. रस्सा पाणचट लागतो, तोंडात चावण्याजोगे काही येत नाही, जेवून तासाभरात पुन्हा भूक लागते आणि या सगळ्याचा दोष भाज्यांवर जातो. वास्तविक मांस भांड्यात एकाच वेळी अनेक कामे करत असते. ते रसाला खोली देते, दातांना काम देते, स्निग्धता पुरवते आणि पोटाला आधार देते. मांस वगळले की ही कामे दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. मठांतल्या आणि व्रतांच्या काळातल्या स्वयंपाक्यांनी शतकानुशतके नेमका हाच विचार केला असल्यामुळे, चुका दुरुस्त करायच्या तर त्यांच्याकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तक्रार पाणचटपणाची. रस्सा बेचव लागला की आणखी मीठ आणि आणखी तिखट घालण्याकडे हात वळतो, पण उणीव असते ती मांसातून उतरणाऱ्या आणि रसाला खोल, भरीव चव देणाऱ्या ग्लुटामेटसारख्या घटकांची. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. जपानच्या बौद्ध मठांतील ‘शोजिन’ स्वयंपाक मात्र त्यापूर्वी कितीतरी शतके कोंबू आणि वाळवलेले शिताके मशरूम यांच्या पाण्यावर उभा होता. या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे चवीसाठी तिला दुसरा सोपा आधार नव्हता. हे पाणी बिघडते ते घाईमुळे. वाळलेले शिताके उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटांत काढले तर वास येतो, पण चव अर्धवटच उतरते. ते थंड पाण्यात काही तास, शक्यतो रात्रभर, भिजू द्यावेत आणि मग त्याच पाण्यासह हळूहळू तापवावेत. कोंबूही थंड पाण्यातच घालावा आणि पाण्याला उकळी फुटण्याआधी काढून घ्यावा, कारण खळखळून उकळलेल्या कोंबूमुळे पाणी बुळबुळीत आणि कडसर होते. हे दोन पदार्थ एकत्र आले की चव एकेकट्यापेक्षा कितीतरी वाढते, कारण शिताकेतील ग्वानिलेट हा घटक ग्लुटामेटची जाणीव तीव्र करतो. ते मिळत नसतील तर सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), उन्हात वाळवलेले टोमॅटो किंवा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा हेही काम करतात; मात्र ते सुरुवातीलाच भांड्यात पडायला हवेत, शेवटी वरून घातले तर वेगळे पडलेले जाणवतात.

ताज्या मशरूमची तक्रार याच्या उलट असते. मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे कढई भरून मशरूम एकदम टाकले की ते परतले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि फिकट, रबरासारखे होतात. रुंद भांडे, मोठी आच आणि थोडे थोडे मशरूम, एवढ्यावर काम भागते. पाणी सुटले तरी घाबरून गॅस बंद करू नये. पाणी पूर्ण आटल्यानंतरच खरपूसपणा सुरू होतो आणि मशरूमच्या पेशीभित्तिकांमधील कायटिन उष्णतेने विरघळत नसल्यामुळे ते जास्त शिजून लगदा होण्याची भीतीही फारशी नसते.

टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, याबद्दलची नाराजी बहुधा पाण्यामुळेच असते. पाकिटातून काढलेला टोफू तसाच तेलात सोडला की तो चिकटतो, तुटतो आणि मसाला आत घेत नाही, कारण आत जागाच नसते. कापडात गुंडाळून त्यावर वीस-तीस मिनिटे वजन ठेवावे. याहूनही चांगला मार्ग जपानमधील कोया पर्वतावरील मठांशी जोडलेला आहे: टोफू गोठवायचा. आतल्या पाण्याचे बर्फ होताना प्रथिनांच्या जाळ्यात पोकळ्या तयार होतात. बर्फ वितळल्यावर टोफू तळहातांत दाबून पिळला की पाणी निघून जाते आणि उरलेला सच्छिद्र तुकडा रस्सा स्पंजासारखा शोषून घेतो. त्याचा रंग गोठलेला असताना पिवळसर दिसतो, तो खराब झाल्याचे लक्षण नव्हे.

चीनच्या मठांतून पुढे आलेले गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे आज सेइतान नावाने विकला जाणारा पदार्थ, घरी केल्यावर फुगून पावासारखा भुसभुशीत होतो, तो खळखळत्या उकळीमुळे. त्याला पाण्यात हलकेच बुडबुडे येतील एवढीच आच हवी. इंडोनेशियातील टेम्पे, म्हणजे बुरशीने आंबवलेल्या सोयाबीनची वडी, याबाबत मात्र लोक नको तिथे घाबरतात आणि हवे तिथे घाबरत नाहीत: पांढऱ्या बुरशीवर आलेले राखाडी-काळे ठिपके हे बुरशीचे बीजाणू असतात आणि ते चालतात, पण गुलाबी किंवा नारिंगी डाग, चिकट पृष्ठभाग किंवा अमोनियाचा उग्र दर्प आढळला तर तो टेम्पे फेकून द्यावा.

आता कडधान्यांकडे वळू, कारण मांसाविना जेवणाचा खरा आधार तीच आहेत आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. राजमा किंवा छोले तासन्‌तास शिजवूनही टणक राहिले, तर तीन कारणे तपासावीत. दाणे फार जुने असतील, विशेषतः उष्ण आणि दमट जागी साठवलेले असतील, तर त्यांच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळेनासे होते. पाणी क्षारयुक्त असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट करतात. आणि टोमॅटो, चिंच किंवा लिंबू यांसारखा आंबट पदार्थ दाणे मऊ होण्याआधी पडला असेल, तर दाणे मऊ व्हायला फारच वेळ लागतो. मिठाने दाणे कडक होतात हा समज मात्र सोडून द्यावा. भिजवण्याच्या लिटरभर पाण्यात दोन-तीन चहाचे चमचे मीठ घातले, तर सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते, साल मऊ होते आणि दाणे फुटण्याचे प्रमाणही कमी होते. चिमूटभर खाण्याचा सोडा जुन्या दाण्यांना मदत करतो, पण त्याहून अधिक घातल्यास साबणासारखी चव येते आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते.

राजम्याबाबतची एक चूक चवीपुरती राहत नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. मंद आचेवर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट लावणे धोकादायक आहे, कारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्या दाण्यांपेक्षाही अधिक त्रासदायक ठरू शकतो. किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळावा. दहा मिनिटे ही किमान मर्यादा आहे, अर्धा तास अधिक सुरक्षित.

इतिहासाच्या चुका स्वयंपाकघराबाहेरच्या वाटतात, पण त्या थेट ताटात येतात. अमुक देश पूर्वी पूर्ण शाकाहारी होता, असे कुठेतरी वाचून लोक त्या देशाची कुठलीही पाककृती निर्धास्तपणे उचलतात. जपानचे उदाहरण घ्यावे. सम्राट तेन्मू यांनी ६७५ साली मांसबंदीचा हुकूम काढला हे खरे, पण तो गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्यापुरता आणि वर्षातील काही महिन्यांपुरता होता. मासे त्यात नव्हतेच. म्हणूनच जपानी घरगुती सूपचे पाणी आजही बहुधा बोनिटो माशाच्या कापांचे असते आणि दिसायला निव्वळ भाजीचा असलेला पदार्थ शाकाहारी नसतो. मठाचा स्वयंपाक आणि देशाचा स्वयंपाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बौद्ध परंपरेबाबतही असाच सरसकटपणा होतो. थेरवादी पंथाच्या विनयानुसार, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांनुसार, प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्षूने पाहिले नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेले मांस चालते. चिनी मठांतील मांसत्यागाला बळ मिळाले ते लंकावतारसूत्रासारख्या महायान ग्रंथांमुळे आणि सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू याने भिक्षूंवर घातलेल्या निर्बंधांमुळे. अशोकाने सारे राज्य शाकाहारी केले, हेही असेच एक विधान. गिरनारसह अनेक ठिकाणी कोरलेला त्याचा पहिला शिलालेख सांगतो की राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण नेहमी नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. राजाने आपली वाटचाल इतक्या प्रामाणिकपणे दगडात कोरून ठेवावी, हे मला कुठल्याही दंतकथेपेक्षा मोलाचे वाटते.

पायथागोरसच्या नावाने रचलेल्या भोजनात बाकल्याच्या शेंगा घालणे ही तर उघड चूक, कारण त्याच्या अनुयायांच्या परंपरेत मांसाइतकाच हा दाणाही वर्ज्य मानलेला आढळतो. शाकाहाराच्या आधुनिक चळवळीची सुरुवात १८४७ साली इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे स्थापन झालेल्या व्हेजिटेरियन सोसायटीपासून धरतात, परंतु सॅल्फर्डमध्ये विल्यम काउहर्ड हे १८०९ पासूनच आपल्या चर्चमधून मांसत्यागाचा उपदेश करत होते. तसेच दूध, अंडी आणि मधही न घेण्याचा विचार १९४४ च्या व्हीगन सोसायटीपासून सुरू होत नाही. अकराव्या शतकातील सीरियाचा अंध कवी अल-मआरी याने त्याचा स्पष्ट पुरस्कार केला होता.

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातील १८० हून अधिक दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे तिथला डाळींचा स्वयंपाक विलक्षण संपन्न आहे. परंतु तीच डाळ व्रत नसलेल्या दिवशी मसालेदार लोण्यात केली जाते, म्हणून दूध टाळणाऱ्याने व्रताचा पदार्थ असे स्पष्टपणे मागावे. लपलेल्या घटकांची बाकी यादी थोडक्यात: पार्मेजानो रेज्जानो चीजमध्ये नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) असते, पारंपरिक वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, थाई करी पेस्टमध्ये आणि किमचीत (कोरियातील आंबवलेल्या भाजीत) अनेकदा कोळंबी असते.

शेवटी पोषण. प्रत्येक जेवणात धान्य आणि डाळ मोजूनमापून एकत्र आणलीच पाहिजे, हा नियम अमेरिकन लेखिका फ्रान्सेस मूर लापे यांच्या १९७१ सालच्या पुस्तकामुळे पसरला आणि दहा वर्षांनंतरच्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. दिवसभरात वैविध्य आणि पुरेसे अन्न असले की प्रथिनांची भरपाई होते. लोहाकडे अधिक लक्ष हवे. वनस्पतींतील लोह कमी शोषले जाते, म्हणून लिंबू, मिरची किंवा संत्रे यांसारखा क जीवनसत्त्वाचा पदार्थ त्याच जेवणात असावा आणि चहा-कॉफी जेवणाबरोबर घेऊ नये.

ब-१२ बाबत तडजोड नाही. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही आणि स्पिरुलिनातील त्याचे रूप मुख्यतः शरीराला निरुपयोगी असते. यकृतात साठा असल्यामुळे अभाव काही वर्षे लक्षातच येत नाही आणि भाज्या-डाळींतून मिळणारे भरपूर फोलेट (हेही ब गटातले जीवनसत्त्व) रक्तक्षयाची खूण झाकून ठेवू शकते, तेव्हा हातापायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नये. दूध-अंडी पूर्ण सोडलेल्यांनी ब-१२ घातलेले अन्न किंवा गोळी पहिल्या महिन्यापासूनच सुरू करावी.