आयर्विन पुलाची पाणीपातळी देणारी छोटी एपीआय

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांचा एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? त्याची एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणारी सर्व्हिस, करायची तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक टेबल पुरतं, ठिकाण, वेळ, पातळी, बस. ठिकाण आणि वेळ मिळून प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) करा म्हणजे तीच नोंद दोनदा घुसत नाही आणि शोध वेगात करणारा इंडेक्सपण आपोआप मिळतो.

मग फास्टएपीआय या पायथन फ्रेमवर्कमध्ये एकच रूट (विनंती येते तो पत्ता), कधीपासून-कधीपर्यंत घ्यायचं, उत्तर जेसन या डेटा-फॉरमॅटमध्ये द्यायचं. रेंज दिली नाही तर शेवटचे 24 तास.

महिन्याचा डेटा मागितला तर तासातासाचे गट करा, पण सरासरी नको हां, त्या तासातली कमाल पातळी द्या, कारण इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि सरासरी काढली की नेमका वरचा आकडाच दबतो. रीडिंग आलं नसेल तिथं शून्य भरू नका, नल, म्हणजे रिकामं, राहू द्या.