टेकडीसाठी राबणाऱ्या स्वयंसेवी गटांनी या चुका टाळाव्यात

पुण्याच्या वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर किंवा तळजाईच्या माथ्यावर रविवारी सकाळी गेल्यास कुदळ, घमेले आणि पाण्याचे कॅन घेऊन चढणारा एखादा गट हमखास भेटतो. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पाणी वाहून नेणाऱ्या या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि शहराच्या मध्यभागी या टेकड्या आज मोकळ्या उरल्या आहेत त्यात त्यांच्या जागरूकतेचा मोठा वाटा आहे. मात्र याच गटांच्या हातून, अगदी चांगल्या हेतूने, टेकडीचे नुकसानही होते. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: टेकडी ही रिकामी जागा असून ती झाडांनी भरायची आहे, असे काम सुरू करण्याआधीच गृहीत धरलेले असते.

मोकळे माळरान ओसाड नसते

पुण्याच्या टेकड्या काळ्या बेसॉल्टच्या आहेत. त्यावर मुरमाचा आणि मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो, आणि वर्षाकाठी पडणारा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांतच पडून जातो. अशा जमिनीवर कोकणातल्यासारखे घनदाट रान उभे राहत नाही. तिथे गवत आणि अधूनमधून विरळ झाडे हीच निसर्गाची घडण असते. कुसळी, पवना, मारवेल ही गवते, पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी काळी मुसळी आणि रानकांद्यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती, उघड्या जमिनीवरच अंडी घालणारी टिटवी आणि रातवा, गवताच्या आडोशाला घरटे करणारा चंडोल, हे सारे त्या ‘ओसाड’ दिसणाऱ्या माळाचे रहिवासी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत, पक्ष्यांच्या विणीच्या काळात आणि कंद जमिनीत झोपलेले असताना, अशा माळावर पाचशे खड्डे खणले की त्या वर्षीचे काम दिमाखात पार पडते, पण जे होते ते मोडले याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून नव्या गटाने पहिला पावसाळा केवळ पाहण्यात घालवावा असे माझे ठाम मत आहे. कुठे पाणी साचते, कुठे खडक उघडा आहे, कोणत्या उतारावर गवत चांगले आहे, कोणती रोपे आपोआप उगवून येत आहेत, याचा साधा हाताने काढलेला नकाशा करावा. ज्या भागात स्थानिक गवत टिकून आहे तिथे खड्डा खणूच नये. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांच्या जुन्या कचराभूमीवर झाडे लावून उभे राहिले आणि ते योग्यच झाले, कारण तिथे कचऱ्याखेरीज जपण्यासारखे काही उरलेले नव्हते. ते उदाहरण जिवंत माळरानाला जसेच्या तसे लावणे ही चूक आहे.

लवकर वाढते म्हणून लावलेले झाड

मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, पुण्याच्या टेकड्यांवर सरकारी वनीकरणातून मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते कमी पाण्यात तगते, तोडले तरी पुन्हा फुटते, चरणारी जनावरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत आणि टेकडी लवकर हिरवी दिसते. परंतु त्याच्या दाट सावलीखाली गवत आणि स्थानिक रोपे फारशी येत नाहीत. सुबाभळीची गोष्टही अशीच आहे. आता नवी लागवड करताना धावडा, सालई, मोई, पळस, खैर, हिवर, मेडशिंगी, आपटा, बहावा, काटेसावर अशी या कोरड्या पानझडी प्रदेशाचीच झाडे निवडावीत, आणि वड-पिंपळासारख्या झाडांचा आग्रह खोल माती असलेल्या पायथ्यापुरता ठेवावा.

याच्या उलट टोकाची चूकही अलीकडे दिसते. गिरिपुष्प परदेशी आहे हे कळल्यावर काही उत्साही मंडळी ते सरसकट तोडण्याची मागणी करतात. एकदम तोड केली की उघड्या पडलेल्या जमिनीत रानमोडी, घाणेरी आणि पिवळा कॉसमॉस ही झपाट्याने पसरणारी परदेशी झुडपे-तणे घुसतात, आणि आधीपेक्षा कठीण काम मागे लागते. शिवाय वनजमिनीवरचे कोणतेही झाड स्वयंसेवकाने तोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो. गिरिपुष्पाच्या मधल्या मोकळ्या जागांत स्थानिक रोपे वाढवावीत आणि ती उंच होऊ लागली की विरळणीचा प्रस्ताव वनविभागाकडे द्यावा. घाणेरी काढताना ती जमिनीलगत कापू नये, कारण ती त्याच खोडातून जोमाने फुटते. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवावे. गाजरगवत फुलावर येण्याआधीच, हातमोजे घालून उपटावे.

रोपे मरतात तेव्हा

बहुतेक गट मेलेल्या रोपाच्या जागी पुढच्या जूनमध्ये तसेच दुसरे रोप लावतात, आणि तेही मरते. मेलेले रोप उपटून त्याची मुळे पाहिल्याशिवाय त्या खड्ड्यात दुसरे रोप लावू नये, हा नियम प्रत्येक गटाने स्वतःला घालून घ्यावा.

जुलै-ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडून बुंधा कुजला असेल, तर पाण्याअभावी नव्हे तर पाण्यामुळे रोप गेले आहे. खडकात खणलेला खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळांना हवा मिळत नाही. अशी जागा सोडून द्यावी किंवा उताराच्या बाजूने खड्ड्याला पाणी निघून जाण्यासाठी खाच द्यावी. पाऊस संपताच ऑक्टोबरच्या उन्हात रोप अचानक माना टाकत असेल आणि उपटल्यावर मुळे पिशवीच्याच आकारात गुंडाळलेली दिसत असतील, तर रोप रोपवाटिकेत पिशवीतच जास्त काळ राहिलेले होते, किंवा लावताना पिशवी काढलीच नव्हती. ही दुसरी शक्यता अविश्वसनीय वाटेल, पण जिथे शंभर-दोनशे पाहुण्यांना एका सकाळी रोपे लावायला बोलावले जाते तिथे ती वारंवार आढळते. शेंडा तिरपा आणि स्वच्छ कापल्यासारखा तुटला असेल तर ते सशाचे काम असते, आणि फाटल्यासारखा ओरबाडला असेल तर शेळ्यांचे. दोन्हींवर बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण हा प्लास्टिकच्या जाळीपेक्षा बरा उपाय आहे. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी समजावी. खड्ड्यात कच्चे शेणखत टाकणे बंद करून निंबोळी पेंड मिसळावी.

उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घातल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, आळे भरून, सावकाश मुरेल असे पाणी द्यावे आणि आळ्यावर वाळलेल्या गवताचे जाड आच्छादन घालावे. हे किमान दोन, शक्यतो तीन उन्हाळे करावे लागते. त्यामुळे किती रोपे लावायची हा आकडा पाहुण्यांच्या संख्येवरून नव्हे, तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कॅन उचलायला किती हात खात्रीने येतील यावरून ठरवावा.

चर, जाळरेषा आणि गवत

सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे, खणणे हा मृदसंधारणाचा चांगला उपाय आहे, पण त्यातला ‘समतल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पातळी न मोजता डोळ्यांच्या अंदाजाने चर खणला की पाणी एका टोकाला जमते, तिथे चर फुटतो आणि जिथे माती अडवायची होती तिथेच ओघळ पडतो. म्हणून हायड्रोमार्करने (पाणी भरलेल्या नळीचे पातळी मोजण्याचे साधन) किंवा ए-फ्रेमने (‘A’ आकाराची ओळंबा लावलेली चौकट) समपातळी आखल्याशिवाय कुदळ लावू नये, आणि गवताने धरून ठेवलेल्या उतारावर चर घेऊच नये. जुन्या ओघळात अनघड दगडी बांध घालणे हे अनेकदा जास्त उपयोगी आणि कमी नुकसानीचे काम असते.

वणव्याच्या भीतीने ऑक्टोबरमध्येच सगळे गवत कापून टाकणे ही आणखी एक चूक आहे. गवताचे बी झडण्याआधी ते कापले तर काही वर्षांत चांगली गवते कमी होतात आणि निकृष्ट तण वाढते. बी झडल्यानंतर रोपांभोवतीचे हातभर वर्तुळ आणि पायवाटांच्या कडा तेवढ्या साफ कराव्यात. जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे ठेवलेले पट्टे, जाळण्याचे काम वनविभागाचे आहे. स्वयंसेवकांनी स्वतः काडी लावू नये. वणवा दिसल्यास प्रथम वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे, आणि प्रशिक्षण नसलेल्या कोणालाही आगीजवळ पाठवू नये.

मोरांना धान्य, मुंग्यांना साखर आणि भटक्या कुत्र्यांना पोळ्या टाकण्याची सवय गटातील सदस्यांनी तरी सोडावी, कारण अन्नाच्या ठिकाणी जमणाऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या पुढे ससे आणि मोरांची पिल्ले मारतात.

जमीन कोणाची, नोंद कोणाकडे

पुण्यातील एकाच टेकडीचा एक भाग वनविभागाचा, दुसरा महापालिकेचा आणि तिसरा खासगी असू शकतो. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील ज्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे तिथे तर खासगी भूखंड पुष्कळ आहेत. तोंडी होकारावर काम सुरू करणाऱ्या गटाची अडचण अधिकारी बदलला की सुरू होते. सर्व्हे क्रमांक, कामाचे स्वरूप आणि मुदत लिहिलेले पत्र देऊन त्याची पोचपावती घ्यावी.

गटाच्या आतही सारे काही एका व्यक्तीच्या डोक्यात आणि फोनमध्ये राहू देऊ नये. पाण्याच्या टाकीची किल्ली कोणाकडे आहे, कोणत्या पट्ट्यात कोणते रोप कधी लावले, त्यातले किती जगले आणि बाकीचे कशाने गेले, हे एका वहीत दर महिन्याला लिहावे. पहिल्या वर्षी ही वही कंटाळवाणी वाटते, पण तिसऱ्या उन्हाळ्यात कोणत्या पट्ट्याचे पाणी थांबवता येईल हे केवळ तिच्यातूनच कळते.