फोमची पहिली तलवार

लार्पच्या (पात्र बनून प्रत्यक्ष खेळायच्या खेळाच्या) लढाईत उतरायचं म्हणून लगेच चिलखतामागे धावू नका. जुना कुर्ता नि रुंद पट्टा पुरतो. तलवार मात्र नीट हवी.

मुंबईत लोहार चाळ किंवा नागदेवी भागातून वायरिंगचा २० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, ८० सेंमी कापा. दोन्ही तोंडं टोपणांनी बंद करा, नाहीतर उघडी कड फोम आतून कातरते. त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी घाला: आतून २२ मिमी, जाडी १९ मिमी. मुठीला १८ सेंमी सोडा. टोकाला पाइपपुढे किमान ६ सेंमी फोम राहू द्या. तरीही अशा तलवारीनं भोसकायचं नाही.

नळी चढवण्याआधी रबर सोल्युशन पाइपला आणि फोमला आतून, दोन्हीकडे लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात जास्तच थांबा; दमट हवेत घाई केली की फोम पाइपवर गरगर फिरतो. वरून टेप घट्ट ताणू नका, फोम दबून कडक होतो. ताणलं जाणारं कापड बरं.

आता स्वतःच्या मांडीवर जोरात मारून बघा. पाइप जाणवला तर फोम वाढवा. लढताना डोकं, मान, मांड्यांमधला भाग वर्ज्य.

आणि लोकलमध्ये पिशवीतूनच न्या. गर्दीत कुणाला समजावत बसणार?