तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून पेशंट घरी आला, आता रोजचं कसं बसवायचं

गालाचं, जिभेचं नाहीतर जबड्याचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की घरोघरी एकच चालतं, त्याला पलंगावर झोपवायचं आणि सांगायचं की आता काही करू नका, बोलू पण नका, फक्त आराम. मायेपोटीच करतात सगळे, पण तोंडाच्या ऑपरेशनमधे नुसता आराम फार महागात पडतो. तोंड हलवलं नाही तर ते आवळत जातं, खांदा हलवला नाही तर धरतो, आणि पोटात नीट गेलं नाही तर वजन असं उतरतं की पुढचं रेडिएशन झेपत नाही. आमच्या ह्यांचं गालाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत हे सगळं चाललंय, मुलांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, माझी शिवणकामाची गिऱ्हाइकं हे सांभाळून, म्हणून जे उपयोगी पडतं ते लिहिते. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण कोणाला छातीचा फ्लॅप असतो (फ्लॅप म्हणजे कापलेली जागा भरायला शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून लावलेला कातडी-मांसाचा तुकडा), कोणाला हाताचा, कोणाचं पायाचं हाड काढून जबडा केलेला असतो, आणि प्रत्येकाचं पथ्य थोडं वेगळं.

आधी नाकातली नळी, म्हणजे तोंडानं खाता येत नाही तोवर अन्न थेट पोटात सोडायची. बरेच जण नळी घेऊनच घरी येतात आणि घरच्यांना तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, पण एकदा हात बसला की काही नाही. पेशंटला नीट बसवून किंवा पाठीला उशा लावून वर करून मगच फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) द्यायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर उलटून फुप्फुसात जायचा धोका. दर दोन-तीन तासांनी साधारण दोनशे ते अडीचशे मिली, कोमट, सिरिंज वर धरून आपोआप जाऊ द्यायचं, दट्ट्यानं ढकलायचं नाही. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही. नाकाशी जिथे नळी आत जाते तिथे पेनानं खूण करून ठेवा आणि प्रत्येक फीडच्या आधी ती खूण तिथेच आहे ना ते बघा. नळी सरकली किंवा निघून आली तर घरी परत घालायची नाही, सरळ हॉस्पिटल, आणि फीड चालू असताना जोरात खोकला आला तर लगेच थांबवायचं. गोळ्यांचं पण विचारून घ्या, सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत, काही हळूहळू विरघळणाऱ्या असतात, डॉक्टर त्याच औषधाचं पातळ देतात.

आता फीडमधे काय, हा प्रश्न. घरात जे शिजतं त्यातूनच करायचं म्हणजे डबल स्वयंपाक होत नाही, हे माझं ठाम मत आहे. सकाळी वरणभात लावला की त्यातला दोन वाट्या जास्त मऊ शिजवून बाजूला काढायचा, त्यात चमचाभर तूप, उकडलेलं गाजर नाहीतर भोपळा, मिक्सरमधून अगदी बारीक आणि मग गाळणीतून गाळायचं, गाळायचा कंटाळा केला की नळी तुंबलीच म्हणून समजा. मटकीचं कढण, मुगाचं पातळ वरण, नाचणीची पेज दूध घालून, सातूचं पीठ दुधात, ताक, चिकनचं सूप त्यातलं चिकन पण वाटून, आणि अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं. नुसत्या नारळपाण्यावर आणि ज्यूसवर माणूस ठेवू नका, त्यानं जखम भरत नाही, जखमेला प्रथिनं लागतात. शुगर असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून करा. आणि दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर वजन करायचं आणि लिहून ठेवायचं, चेहऱ्याला सूज असते त्यामुळे नुसतं बघून वजन उतरलेलं कळत नाही.

नळी निघाल्यावर तोंडानं खायला लागले की पहिले दिवस फार चिडचिड होते. घास ऑपरेशन झालेल्या बाजूला अडकतो, ओठ बधिर असल्यामुळे बाहेर सांडतं ते कळत पण नाही, चार घासाला अर्धा तास. आम्ही ताटासमोर छोटा आरसा ठेवतो, त्यानं खरंच फरक पडतो, आपलं आपण बघून पुसता येतं, कोणी सारखं "इथे लागलंय" म्हणायला नको. लहान बाळाचा चमचा घ्या, घास चांगल्या बाजूला ठेवायचा. चहा आधी दुसऱ्या कोणीतरी बघायचा किती गरम आहे ते, बधिर गालाला भाजलेलं समजत नाही. तिखट तर बरेच महिने झोंबतं, आणि नाशिकच्या माणसाला रविवारची मिसळ सुटणं म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण मटकी मऊ शिजवून, तर्री वगळून, पाव रश्श्यात पूर्ण भिजवून दिला तर मिसळीचं समाधान थोडं तरी होतं. फरसाण मात्र नाही. खाऊन झालं की प्रत्येक वेळी गुळण्या, ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, मेडिकलमधले झणझणीत माउथवॉश नकोत, त्यात अल्कोहोल असतं आणि तोंड अजून कोरडं पडतं.

छातीचा फ्लॅप असेल तर पुरुषांना तोंडात चक्क केस येतात, हे कोणी आधी सांगत नाही आणि मग घरात घबराट. छातीचीच कातडी आहे ती, केस येणारच, डॉक्टर कापून देतात आणि रेडिएशननंतर बहुतेकांचे कमी होतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. तोंड उघडण्याचा व्यायाम. गुटखा-तंबाखूमुळे आधीच बऱ्याच जणांचं तोंड कमी उघडत असतं, त्यात ऑपरेशनचा व्रण, त्यात पुढे रेडिएशन, तिन्ही मिळून जबडा आवळतात आणि रेडिएशन संपल्यावर सुद्धा हे आवळणं महिनोन्‌महिने चालू राहतं. साधारणपणे पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमधे जायला पाहिजेत, मापात सांगायचं तर ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की तोंड कमी उघडतंय असं धरतात. व्यायाम कधी सुरू करायचा हे टाके आणि फ्लॅप बघून डॉक्टर सांगतात, पण तुम्ही स्वतःहून विचारा, गर्दीच्या ओपीडीत राहून जातं. करायचं असं, आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा आणायचा, मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. जेवढ्या काड्या सहज बसतात तेवढ्या एकावर एक दातांमधे ठेवायच्या, मग मधे हळूच अजून एक सरकवायची, ताण जाणवला पाहिजे पण कळ येऊन डोळ्यात पाणी नको, तसंच अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, परत. असं दिवसातून चार-पाच वेळा. दात नसतील किंवा हाडाला प्लेट असेल तर फिजिओ वेगळी पद्धत दाखवतात, तिथे काड्या मनानं वापरू नका.

रोज किती काड्या गेल्या तो आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी काड्यांचा आकडा, असं आमचं कॅलेंडर दिसतं. आकडा आठवडाभर खाली जात असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. आणि वेळा ठरवताना वेगळा वेळ काढायला जाऊ नका, सापडत नाही, असलेल्या कामाला चिकटवा, सकाळच्या आंघोळीनंतर, दुपारी मुलं शाळेतून आली की, संध्याकाळच्या बातम्या लागल्या की. आमच्या धाकटीला मोजायचं काम दिलंय आणि ती पोलिसासारखी मागे लागते, बायकोचं ऐकत नाहीत पण मुलीचं ऐकतात.

मानेच्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा खांदा पडतो, हात बाजूनं वर जात नाही, कारण खांदा उचलणारी नस तिथूनच जाते आणि ती वाचवली तरी दुखावते. बसताना हाताखाली उशी, फिजिओनी सांगितल्यावर भिंतीवर बोटं चढवत नेणं, खांदे वर-खाली. त्या हातानं पाण्याचा जार, सिलिंडर, भाजीची जड पिशवी उचलायची नाही. मानेची आणि कानाखालची कातडी बधिर असते त्यामुळे दाढी ब्लेडनं न करता ट्रिमरनं. गाडी मान दोन्हीकडे पूर्ण वळत नाही तोवर चालवायची नाही, द्वारका सर्कलला मान न वळवता गाडी घालणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. सकाळी तोंडावर जास्त सूज असते, उशाला उंच घेऊन झोपलं की कमी होते.

चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून, आधी गॅलरीत, मग गल्लीत, जमायला लागलं की गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर. लोक बघतात, हो बघतात, रुमाल लावायचा असेल तर लावा नसेल तर नका लावू, पण त्या कारणानं घरात बसायचं नाही. बोलणं पण तसंच, अस्पष्ट येतं म्हणून माणूस गप्प होतो आणि मग अजूनच येत नाही. टाके सुकून डॉक्टरांनी परवानगी दिली की देशदूतमधली एक बातमी रोज मोठ्यानं वाचायला लावा. रात्री हाक मारता येत नाही तेव्हा उशाशी देवघरातली घंटा ठेवा, सासूबाईंनीच सुचवलं होतं आणि उत्तम चालतं.

बायोप्सीचा मोठा रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यांत येतो आणि पुढे रेडिएशन, केमो लागणार का ते त्यावर ठरतं. लागणार असेल तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं डॉक्टर बघतात, आणि इथेच आपल्याकडचे लोक घसरतात, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागवाले म्हणतात माल उतरू दे मग बघू, कोणी म्हणतं छाटणी होऊ दे, कोणाकडे लग्न. नका करू असं. बाग शेजारी-भावकीला सांगता येते. त्याच सहा आठवड्यांत दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेले दात काढून घ्यायचे असतात, कारण ती जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडू शकतं. म्हणून पुढे आयुष्यभर कुठल्याही डेंटिस्टला आधी सांगायचं की इथे रेडिएशन झालंय. रेडिएशन बहुतेक आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे असतं, रोज घेऊन जाणारा माणूस आधीच ठरवून ठेवा, एकट्या बायकोवर टाकू नका.

कागदांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती द्यायला बसलेला माणूस) भरती होण्याआधीच विचारायचं. सातपूर-अंबडच्या कंपनीत पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर नेहमीची आजारपणाची रजा ९१ दिवसांची, पण कॅन्सरला वाढीव लाभ आहे, दोन वर्षांपर्यंत, पगाराच्या ८० टक्के, त्यासाठी नोकरीची सलग दोन वर्षं झालेली लागतात, एचआरला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. तपासणीला मुंबईला टाटाला जाणाऱ्यांना रेल्वेची सवलत मिळते, हॉस्पिटलच्या ठरलेल्या फॉर्मवर, पंचवटी एक्सप्रेसच्या चेअर कारला ७५ टक्के, सोबतच्या एकाला पण.

बघायला येणारे. येतात, अर्धा किलो द्राक्षं आणतात जी पेशंटला खाता येत नाहीत, आणि कोणीतरी एक असतोच जो अमक्या गावच्या पाल्याचं सांगतो. पाला, लेप, हळद काहीही टाक्यांवर लावायचं नाही, आणि त्यासाठी रेडिएशन तर मुळीच सोडायचं नाही. मी सरळ सांगते की काही आणायचंच असेल तर अंडी आणा, नाहीतर मंगळवारी ह्यांना रेडिएशनला सोडून या. काही जण खरंच सोडतात.

आणि तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशन झालं म्हणून तलफ जात नाही, कंपनीतले जुने मित्र भेटायला आले की खिशातून पुडी निघते, त्यांना दारातच सांगा, वाईट वाटलं तर वाटू दे. घरात मिश्री लावणारं कोणी असेल तर त्यांचीही ह्याच निमित्तानं बंद करा. तलफेसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. निकोटिनचा पॅच वगैरे डॉक्टरांना विचारूनच.

आता कधी थांबायचं नाही ते. तोंडातून किंवा मानेतून लाल रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि तसंच हॉस्पिटल गाठायचं. श्वासाला त्रास, फ्लॅपचा रंग काळानिळा किंवा एकदम पांढरा, मानेच्या जखमेतून लाळेसारखं पाणी, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर त्यात दुधासारखं काही, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पोटरी सुजून दुखणं, ह्यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधे सेव्ह करा. पहिली दोन वर्षं परत उद्भवायची भीती जास्त असते म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत, मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉईडची रक्त तपासणी सहा ते बारा महिन्यांनी, आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा मोबाईलच्या टॉर्चनं तोंड बघायचं, जिभेखाली, दुसऱ्या गालाच्या आत, आणि हातानं मान चाचपायची. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, नवी गाठ दिसली की पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, फोन करून लवकरची वेळ मागायची.