इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनला अ‍ॅम्प जुळवताना

परवा म्हापशाच्या एका मित्राने विचारलं की स्टॅक्स ह्या जपानी कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेतला तर घरातला साधा हेडफोन अ‍ॅम्प चालेल का, तर नाही रे, अजिबात नाही. ह्यात कॉइल नसते, दोन जाळ्यांमध्ये एकदम पातळ फिल्म असते, तिला सतत बायस व्होल्टेज, म्हणजे फिल्म चार्ज ठेवणारं स्थिर व्होल्टेज, लागतं आणि जाळ्यांना शेकडो व्होल्टचा सिग्नल.

पहिल्यांदा प्लग बघ. ५ पिन म्हणजे प्रो बायस, ५८० व्होल्ट, आणि जुन्या मॉडेलची ६ पिन म्हणजे नॉर्मल, २३० व्होल्ट. ५ पिनचा प्लग ६ पिनच्या सॉकेटात जातो पण बायस कमी पडतो नि आवाज दबलेला येतो, मग लोक उगाच हेडफोनला दोष देतात.

मग ताकद. स्टॅक्सच्याच एल३०० मॉडेलची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती व्होल्टला किती मोठा आवाज, १०० व्होल्टला १०१ डेसिबल, म्हणजे २०० व्होल्टला १०७, ह्याला छोटा अ‍ॅम्प पुरतो. त्यांचंच एसआर-००७ मॉडेल मात्र खादाड, त्याला मोठाच दे. आणि अ‍ॅम्पला हा हेडफोन कपॅसिटरसारखा लोड असल्याने वरच्या फ्रिक्वेन्सीला करंटही जास्त लागतो, कमजोर अ‍ॅम्पवर अभिषेकीबुवांची तान चढली की मागचा तानपुरा गढूळ होतो, तिथेच कान लावून बघ.

जपानहून आणलेला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालू नको.

आणि आपल्या गोव्यातला पावसाळा! दमटपणाने एक बाजू हळू वाजते, म्हणून हेडफोन सिलिका जेल घालून डब्यात ठेव. अ‍ॅम्प उघडायला मात्र जाऊ नको, बंद केल्यावरही आत चार्ज राहतो.