इलेक्ट्रिक गाडीसाठी ओबीडी ॲडॅप्टर आणि ॲप निवडताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळच्या रस्त्यांवर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता रोजच्या झाल्या आहेत. त्यांच्या मागोमाग एक छोटी खरेदीही घरोघरी होते आहे: स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावायचा ओबीडी ॲडॅप्टर. ओबीडी म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरांकडची माहिती आणि बिघाडाचे कोड बाहेर वाचता येण्याची सोय. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि बॅटरीची सगळी माहिती मोबाइलवर दाखवेल असं सांगितलं जातं. लावल्यावर मात्र ॲप ‘नो डेटा’ म्हणत बसतं आणि मालकाला वाटतं गाडीतच काहीतरी बिघडलंय. गाडी बहुतेक वेळा ठणठणीत असते, खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी आपली गाडी बघायची, मग तिला ओळखणारं ॲप, आणि शेवटी त्या ॲपला चालणारा ॲडॅप्टर.

पेट्रोल गाडीवर चालला, म्हणून इथेही चालेल असं धरू नका

ओबीडी-२ चा नियम मुळात धुरावर लक्ष ठेवायला आला. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे २०१३ पासून. सगळ्या कंपन्यांना सारखे असे आकडे त्यात ठरवून दिलेत, पण ते इंजिनाचे: आरपीएम, कूलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सर. बॅटरीतल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज त्या यादीत नाही. ती माहिती बीएमएसकडे, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे असते, आणि ती मागण्याची कमांड कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी. ती कमांड ॲपला माहीत नसेल तर कितीही महागडा ॲडॅप्टर आणा, हाती काही लागणार नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी ॲप उतरवून घ्या. कार स्कॅनरसारख्या ॲपमध्ये ॲडॅप्टर नसतानाही गाड्यांच्या प्रोफाइलची यादी उघडून बघता येते. तिथे नुसतं कंपनीचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. मॉडेल, वर्ष आणि बॅटरीचा आकार तिन्ही जुळायला हवेत. एमजी झेडएस ईव्ही आधी ४४.५ किलोवॅट-तासांची होती, नंतर ५०.३ ची आली. नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये ३०.२ ची आली आणि पुढे मोठ्या बॅटरीतही मिळू लागली. नाव तेच असलं तरी आतली बॅटरी वेगळी असू शकते. लीफस्पाय हे ॲप नावाजलेलं आहे, पण ते मुळात निसान लीफसाठी बनवलेलं आहे.

स्वस्त ॲडॅप्टर नेमका कुठे अडतो हेही समजून घ्या. अशा ॲडॅप्टरमधली ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक नक्कल असतं, त्यामुळे खोक्यावरच्या ‘१.५’ किंवा ‘२.१’ या आवृत्तीवर विसंबू नका. इंजिनाचा आरपीएम एका छोट्या उत्तरात येतो, तो नकलीलाही झेपतो. शंभरेक सेलची व्होल्टेजं मात्र एका उत्तरात मावत नाहीत. ती तुकड्या-तुकड्यांत येतात, ॲडॅप्टरने मध्येच ‘पुढचं पाठव’ असं गाडीला सांगावं लागतं आणि सगळे तुकडे ओळीने जुळवावे लागतात. नक्कल चिप इथेच गडबडते: निम्मे सेल दिसतात, आकडे गोठतात, ‘बफर फुल’ येतं. ओबीडीलिंक किंवा व्हीगेटचा व्हीलिंकर यांसारखे ॲडॅप्टर काही हजारांत जातात. पण बॅटरी बघण्यासाठीच घेत असाल तर तो खर्च मला रास्त वाटतो.

फोनचा विचार न करता ब्लूटूथ घेणं

आयफोनला जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ असलेले साधे ॲडॅप्टर जोडता येत नाहीत. त्याला ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे ४.० वालं मॉडेल किंवा वायफायवालं लागतं. अँड्रॉइडला दोन्ही ब्लूटूथ चालतात, फक्त ॲपने ते स्वीकारायला हवं. वायफायचा मी आग्रह धरणार नाही, कारण फोन ॲडॅप्टरच्या वायफायला जोडला की बऱ्याचदा इंटरनेट तुटतं आणि चार्जर शोधायचा नकाशा ऐन रस्त्यात बंद पडतो.

जोडणी होत नाही तेव्हा

गाडी ‘रेडी’ मोडमध्ये, म्हणजे लगेच चालवता येईल अशा स्थितीत आहे का, हे आधी बघा. नुसती स्क्रीन लागलेली असेल तर बीएमएस उत्तर देईलच असं नाही. लो एनर्जी ॲडॅप्टर फोनच्या सेटिंगमधून पेअर करू नका, थेट ॲपमधूनच जोडा. जुन्या पद्धतीचा मात्र आधी सेटिंगमधूनच पेअर करावा लागतो, पिन बहुधा १२३४ किंवा ००००. अँड्रॉइड १२ पासून पुढे ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी लागते, त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू ठेवावं लागतं. आणि एका वेळी एकच ॲप उघडं ठेवा. मागे दुसरं ॲप ॲडॅप्टर धरून बसलेलं असलं की पुढच्याला जागा मिळत नाही.

आकडा वाचण्यातली घाई

सगळ्यात जास्त घबराट इथे होते. “भाऊ, हाई गाडीनी बॅटरी कशी शे?” असं विचारत माणूस एक स्क्रीनशॉट पाठवतो. तो काढलेला असतो मे महिन्यात, भर दुपारी, चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर पोहोचल्याबरोबर. त्या आकड्यांवरून कुणीही काही सांगू शकत नाही. चढावर जोर लागताना सगळ्याच सेलचं व्होल्टेज खाली बसतं, आणि ४४-४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीची बॅटरी आतूनही तापलेली असते. कापूस सकाळी दवात आणि दुपारी उन्हात सारख्या वजनाचा भरत नाही, तसंच हे आहे. गाडी सावलीत तासभर उभी राहू द्या, चार्ज चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये असू द्या, मग सेल बघा. पुढच्या वेळीही त्याच स्थितीत बघा, म्हणजे तुलना करता येईल.

सेलमधला फरक वाचताना रसायन कोणतं हे माहीत हवं: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एलएफपी सेल बहुतेक सगळ्या चार्जभर ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतो. मधल्या भागात सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये थोडेच मिलिव्होल्ट फरक दिसतो, तोच १०० टक्क्यांजवळ एकदम वाढतो. तो वरचा फरक बघून घाबरायचं कारण नाही, बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, बहुधा तिथेच होत असतं. व्होल्टेज असं सपाट असल्यामुळे एलएफपीत किती चार्ज उरला याचा अंदाजही हळूहळू चुकत जातो, म्हणून कंपनीने सांगितलेलं अधूनमधूनचं पूर्ण चार्जिंग टाळू नका. एनएमसी सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास जातो. दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

डॅशबोर्डवर १०० आणि ॲपवर ९६ दिसलं तरी बॅटरी घटली असं होत नाही. कंपनी वर-खाली थोडी जागा राखून ठेवते, आणि ॲप बहुधा राखीव जागेसकट आकडा दाखवतं. एसओएच, म्हणजे बॅटरीत किती दम उरलाय तो टक्का, हे मोजमाप नसून बीएमएसने मांडलेला हिशेब आहे. तो काही गाड्यांत बराच काळ १०० वरच राहतो. जुनी गाडी घेताना तेवढ्यावर सौदा करू नका. वीस ते ऐंशी टक्के घरी चार्ज करा आणि मीटरचे युनिट नोंदवा. वापरायला मिळणारी क्षमता ४० किलोवॅट-तास असेल तर त्याच्या साठ टक्के, म्हणजे बॅटरीत २४ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) जायला हवेत, चार्जिंगमधला तोटा धरून मीटरवर साधारण २६ ते २८. त्याच्या खूपच खाली आकडा आला तर विकणाऱ्याला कारण विचारा.

ॲडॅप्टर कायमचा लावून ठेवणं

ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला १२ व्होल्टच्या बॅटरीचा करंट कायम असतो. गाडी लॉक असली तरी ॲडॅप्टर तो ओढत राहतो, आणि काही गाड्यांत कंट्रोलरांना झोपूही देत नाही. लग्नाला चार दिवस पुण्याला जाऊन आलात, तर परतल्यावर मोठी बॅटरी भरलेली आणि गाडी तरीही बंद, असं होऊ शकतं. काम झालं की काढून ठेवा. सर्व्हिसला देतानाही काढूनच द्या.

त्याच ॲपमध्ये १२ व्होल्टचा आकडाही बघत जा. उन्हात लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य लवकर सरतं. रात्रभर थांबल्यावर तिने साधारण १२.४ ते १२.७ दाखवायला हवं. गाडी रेडी केल्यावर १३.५ च्या वर. ही बॅटरी कमजोर झाली की डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा वेगवेगळ्या खुणा पेटतात आणि मालक मोठ्या बॅटरीच्या खर्चाच्या धास्तीने हबकतो. आधी ही तपासा.

कोड पुसून टाकणं

ॲपमध्ये बिघाडाचे कोड पुसणारं ‘क्लिअर’ बटण समोरच असतं, म्हणून लोक दाबतात. त्यासोबत बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते, आणि वॉरंटीत दाद मागताना तीच कामाला येते. आधी स्क्रीनशॉट, किलोमीटर आणि तारीख, मग सर्व्हिस सेंटर. ॲपमधल्या कोडिंगच्या, सेटिंग बदलण्याच्या पानांवर तर जाऊच नका.

इन्सुलेशनचा, म्हणजे मोठ्या बॅटरीचा करंट बॉडीकडे झिरपतोय असा कोड आला, तर घरी काही उघडून बघू नका आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला हात लावू नका. गाडी बाजूला उभी करून कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा. दोरी बांधून ओढून नेऊ नका, कारण चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते. गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.